मुंग्यांना आवतण

मी अळ्या वळायची.

"काकू, तुमी काय काम करायच्या?" असं कोणी विचारलं की मी हेच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याच कानात काहीतरी गडबड आहे. "शेवया?" तो विचारतो. नाय रे बाबा, अळ्या. हिरव्या, मऊ, करंगळीच्या पेराएवढ्या. त्या मातीच्या वळायच्या, झाडांच्या पानांवर चिकटवायच्या, दोन-तीन दिवसांनी काढून आणायच्या आणि कोण कोण येऊन चावून गेलं ते बघायचं. जगात असलंही काम असतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आता दिवाळी अंकवाले लिहा म्हणून मागं लागलेत, तर ओट्यावर बसले आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं जे काय वाचायला-लिहायला आलं ते मुलांच्या पुस्तकांतून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. तेव्हा बोलते तसंच लिहिणार. समोर शेणव्याची आमची भातखाचरं आहेत, मधल्या बांधावर खोबऱ्या उभा आहे. खोबऱ्या म्हणजे आंबा. फळाला ओल्या खोबऱ्याची चव, म्हणून सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. सासरे गेले, माझे मालकही गेले, झाड सामाईकच राहिलं. अर्धं आमचं, अर्धं धाकट्या दिरांचं, नामदेवभाऊजींचं. हे सगळं लिहिणं फिरून त्या झाडापाशीच येणार आहे, ते आधीच सांगून ठेवते. तोवर जरा रानात जाऊन येऊ.

ऋतुजा आमच्या गावात पहिल्यांदा आली तेव्हा मला ती वाट चुकलेली मुलगी वाटली. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, बुटांना चिखल, आणि दारोदार विचारत होती, "हाताचं बारीक काम करणारं कोणी आहे का?" ती किड्यांचा अभ्यास करणारी, शहरातल्या कॉलेजातून आलेली. लोकांनी तिला माझं घर दाखवलं, कारण गावात लग्न निघालं की गव्हले वळायला मला बोलवायचे. गव्हले म्हणजे खिरीसाठी पिठाचे तांदळाएवढे दाणे, बोटांच्या चिमटीत वळलेले. त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मीच सांगते, दुसरं सांगणारं आता उरलं नाय.

तिनं पिशवीतून हिरव्या मातीचा गोळा काढला. लहान मुलं खेळतात ती तेलकट माती, वाळत नाय ती. म्हणाली, "काकू, ह्याच्या अळ्या हव्यात. खऱ्यासारख्या."

"रानात एवढ्या खऱ्या पडल्यात, त्या का नाय घेत?"

"खरी अळी कोणी खाल्ली तर मागं काय राहतं?"

"काय नाय."

"आणि मातीची खाल्ली तर?"

मी तो गोळा दाबून बघितला. मग तीच म्हणाली, "दात राहतात."

तिथंच मला ते काम आवडलं.

तिला शोधायचं होतं ते असं. अळ्याकिड्यांना खाणारे कुठं जास्त असतात, उबेत की गारठ्यात, दाट रानात की शेतात? आणि त्या खाणाऱ्यांच्या धाकानं अळ्या कशा वागतात? ह्यासाठी तिनं तीन जागा ठरवल्या होत्या. एक आमचे शेणव्याचे बांध आणि त्यावरची झाडं. दुसरं खर्डीच्या अंगाचं सागाऐनाचं रान. आणि तिसरी जागा मुरबाडच्या पुढं, घाटाच्या माथ्यावर, जिथं एप्रिलातसुद्धा सकाळी अंगावर पदर घट्ट ओढून घ्यावा लागतो.

माथ्याखालच्या वाडीतली बुधी तिथं आमच्या जोडीला आली. माझ्याच वयाची, काटक, पानाचा तोबरा भरलेली. तिनं माझी पहिली अळी तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली.

"काय गो सुमने, ही अळी? ही तर जेवून आडवी झालेली दिसते."

"मग कशी पायजे?"

"अळी सरळ नसते कदी. चालताना कमान करते. वाकव तिला."

मी वाकवली. ऋतुजा बघत राहिली, म्हणाली, हो, अशीच हवी. तेव्हापासून आमच्या सगळ्या अळ्या कमानीच्या. पानावर ठेवली की वाटायचं, आत्ता पुढचं पाऊल टाकेल.

आता ठशांचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मुंगी चावली की दोन बारीक टोचे पडतात, शेजारी शेजारी, चिमटा काढल्यासारखे. एक मुंगी चावली की तिच्या मागं दुसरी येते, म्हणून असे चिमटे अळीच्या अंगभर असतात. पाखराची चोच पडली की पाचर मारावी तशी खाच. सरड्याचे दात म्हणजे ठिपक्यांची कमान. गांधीलमाशी चावत नाय, लोण्याच्या गोळ्यावरून नख फिरवावं तशी खरवडून नेते. उंदीर दोन नाल्या पाडून जातो. आणि कोणीच आलं नसेल तर अळीवर राहतात वळणाऱ्याच्या बोटांच्या रेघा. कोणी शिवलेलं नसेल तर अळीवर फक्त आपण असतो. हे मला फार नंतर डाचलं.

बुधी खाली माझ्याकडं राहायला आली आणि पहिल्या फेरीच्या अळ्या आम्ही दोघींनी इथंच, ह्या ओट्यावर बसून वळल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. माती तळव्यांना चिकटायला लागली. गव्हले वळताना जे करतो तेच केलं, परातीत तांदळाचं पीठ घेतलं आणि हाताला लावलं. काय सुरेख वळल्या म्हणून सांगू. तुकतुकीत, वर पिठाची बारीक लव. त्या तिन्ही जागी लागल्या, परत आल्या, आणि बघतो तर काय, मुंग्यांनी चाळण केलेली. ऋतुजा आनंदानं वेडी झाली. वर माथ्यावरच्या अळ्या आल्या, त्याही चाळण. तिथं मात्र ती थबकली. गारठ्यात एवढ्या मुंग्या कुठनं आल्या? दोन दिवस ती कपाळाला आठी घालून फिरत होती. पुढच्या फेरीच्या अळ्या वळताना येऊन शेजारी बसली, आणि तिला परात दिसली.

"हे काय आहे काकू?"

"पीठ. हाताला चिकटू नये म्हणून."

ती परातीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"काकू," ती म्हणाली, "आपण मुंग्यांना आवतण दिलं."

बुधी म्हणाली, "आणि जेवायला माती वाढली."

ती अख्खी फेरी वाया गेली. तेव्हापासून नियम झाला की पीठ नाय, तेल नाय, साबणाचा वासही हाताला नको. नुसत्या पाण्यात बोटं बुडवायची आणि वळायचं. तो नियम मी देवाच्या सोवळ्यासारखा पाळला. पण गावात गोष्ट पसरली ती पसरलीच. नामदेवभाऊजी तर वाटेत दिसले की विचारायचे, "काय वैनी, आज कोणाला आवतण?" आणि स्वतःच हसायचे.

खर्डीच्या अंगाला एक म्हातारबा होते. त्यांच्या बांधाला लागूनच आमची रांग होती. पहिल्या दिवशी काठी घेऊन आले.

"काय लावताय गो बायांनो?"

"अळ्या," बुधी म्हणाली.

"मी इथं अळ्या मारून दमलो, आन तुमी लावताय?"

"मातीच्या हायत बाबा."

"कळलं. आदी अळी लावायची, मंग मागनं औषध विकायला यायचं. कंपनीवाल्या तुमी."

बुधीनं एक अळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "घे. हिनं तुजं भात खाल्लं तर माज्या घरचं आणून भरते."

म्हातारबांनी अळी हुंगली, दाबून बघितली, आणि एकदम मऊ झाले. पोरीला शाळेचं काम आहे, असं आम्ही सांगितलं. म्हणाले, बिनघोर जा, मी हाय इथं. दोन दिवसांनी गेलो तर सगळ्या अळ्या जशाच्या तशा. एकावर ओरखडा नाय. ऋतुजाला कळेना. म्हातारबा छाती काढून उभे होते.

"एकालाबी हात लावू दिला नाय. ते काळं कोतवाल पाखरू दहांदा यायचं, दगड मारमारून हाकललं. पोरीचं काम हाय, नासायला नको."

काय बोलणार त्यांना? ऋतुजानं त्यांच्या पाया पडून आभार मानले. ती फेरी धरली नाय. पुढच्या खेपांना मी त्यांना त्यांच्याच ओट्यावर चहा घेत बोलण्यात गुंतवून ठेवायची, तोवर तिकडं कोतवाल आपलं काम करून जायचा.

ह्या कामात दिवस कसे जायचे ते सांगता येत नाय. वर्षांची गिनती मला लागत नाय, नुसते तुकडे तुकडे तरंगत येतात. माथ्यावरची सकाळ आठवते. धुकं पानापानावर बसलेलं असायचं. चार पावलांवरची बुधी दिसायची नाय, नुसता तिच्या पानतंबाखूचा वास यायचा आणि आवाज, "हाय मी, हाय." ओल्या पानांवर आमच्या हिरव्या अळ्या, आणि त्यांच्या शेजारी खऱ्या अळ्या, आणि कुठली कुठली ते धुक्यात ओळखू यायचं नाय. एकदा मी वाकून एक उचलायला गेले, तर ती चालायला लागली. मला वाटलं, माझ्याच हातची, जीव आला तिला. धुकं सरेपर्यंत मी ते खरंच मानत होते. अजूनही थोडंसं मानते.

कधी तिथं दगडावर बसलं की वाटायचं, आपल्यालाही कोणीतरी पाण्यात बोटं बुडवून वळलेलं आहे आणि इथं आणून ठेवलंय. आता कोण येतं, कसा ठसा उमटवतं, ते तो लांबून बघत असेल. बुधीला हे सांगितलं तर म्हणाली, "तुला भूक लागलीय. भाकर खा."

वर मुंग्या फार नसायच्या. "गारठ्यात मुंगी उठतच नाय गो," बुधी सांगायची. "ऊन चढलं की मंग डोळे चोळते." वरच्या अळ्यांना भय पाखरांचं. पाखरू डोळ्यांनी शोधतं, म्हणून तिथली अळी डोळ्यांना चुकवते. पानाच्या रंगाची होते, काडीसारखी ताठ होऊन राहते, हलत नाय. खाली आमच्याकडं, दमट उबेत, उलटं. तिथं मुंगीचं राज्य. आणि मुंगी वासानं नि मिशांनी चाचपत येते, तिला रंगाशी काय देणंघेणं? म्हणून खालची अळी कुठं पान गुंडाळून आत बसते, कुठं अंगभर केस वाढवते, आणि फांदीवर मुंगीची चाहूल लागली की धागा सोडून खाली लोंबकळते. मुंगी गेली की त्याच धाग्यानं वर. मी खोबऱ्याखाली बसून हे तासन् तास बघितलंय. वाऱ्यावर झुलणाऱ्या अळ्या, हिरव्या पाळण्यातल्या बाळांसारख्या, आणि वर फांदीवर लाल मुंग्यांची गस्त.

ऋतुजा म्हणायची, "काकू, असं सगळीकडंच असतं असं नाय हं. बघावं लागतं." ती कधी घाईनं काही बोलायची नाय. पण सगळ्या फेऱ्यांचं जुळवून बघितलं तेव्हा तिच्याकडंही तसंच आलं. उबेत मुंग्यांचे चिमटे जास्त, माथ्यावर कमी. चोचींचे ठसे मात्र वरखाली थोडेफार सारखेच.

आणि सगळ्यांत जास्त चिमटे कुठं? आमच्या खोबऱ्यावर.

खोबऱ्यावर पानं शिवणाऱ्या लाल मुंग्यांची वस्ती होती. त्या कशा शिवतात माहीत आहे? एक रांग पानाची कड ओढून धरते, आणि बाकीच्या आपलीच पिल्लं तोंडात धरून इकडून तिकडं फिरवतात. पिल्लाच्या तोंडातून धागा निघतो, त्यानं पान शिवलं जातं. शिलाईचं यंत्र म्हणजे घरातलं बाळ. असे हिरवे शिवलेले गोळे खोबऱ्यावर जागोजाग होते. माझी अळी तिथं लावली की तासाभरात तिची खरबरीत खारीक व्हायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. अळी चावण्याजोगी झालीय ह्याची ती पावती होती.

पण त्याच मुंग्यांपायी खोबऱ्यावर कोणी चढेना. आंबे उतरवायला गडी आणला की पहिल्याच फांदीवरून तो उलटा यायचा, सदरा काढून नाचत. पिकलेले आंबे खाली पडून फुटायचे. नामदेवभाऊजींचा जीव तुटायचा. झाड त्यांच्या बापानं लावलेलं, लहानपणी त्याच फांद्यांवर ते वाढलेले.

"वैनी, फवारा मारू या. एकदाचं मिटेल."

"ऋतुजाचं काम संपू दे भाऊजी. थोडं थांबा."

ते थांबले. एक हंगाम थांबले, दुसराही थांबले. हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर मी त्यांना बरंच बोलले.

तिसऱ्या वर्षी थंडी सरता सरता मी आणि बुधी माथ्यावरच्या फेरीला गेलो. परत आले तेव्हा खळ्यापासूनच औषधाचा वास आला. खोबऱ्याखाली जमीन लाल झाली होती. वारा आला की ती लाली हलायची, हलकी, कोरडी. वर शिवलेल्या पानांचे गोळे तसेच टांगलेले, आत कोणी नाय.

भाऊजी खाटेवर बसले होते.

"मारलंत?"

"मारलं वैनी." मग खाटेची दोरी चाचपत, "झाड अर्धं माजं हाय."

"मग अर्ध्याच मुंग्या मारायच्या होत्यात."

त्यानंतर मी दोन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. एका अंगणात राहून ते काय सोपं असतं?

फेरी ठरलेली होती, म्हणून खोबऱ्यावर अळ्या लावल्या. दोन दिवसांनी काढल्या. भिंगाखाली धरल्या. एकावरही काही नव्हतं. मुंगी नाय, चोच नाय, सरडा नाय. नुसत्या माझ्या बोटांच्या रेघा. पानापानावर मीच होते. एवढ्या अळ्या वाचल्या मी त्या वर्षांत, पण अशी एकटी मी कधी पडले नव्हते. ऋतुजाला दाखवलं तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "काकू, हेही बघायलाच हवं. दर फेरीला ह्या झाडावर लावत राहू."

लावत राहिलो. कोरं, कोरं, कोरं.

त्या उन्हाळ्यात गडी वर चढला. पण उतरवायला होतं काय? मोहोरावर तुडतुडे बसले होते, पानं चिकट होऊन काळी पडली होती, फळ वाटाण्याएवढं असतानाच गळून गेलं. माझ्या तोंडावर आलं होतं, बघा, मुंग्या असत्या तर. पण ऋतुजानंच मला अडवलं. "मोहोराच्या वेळेला मळभ होतं. तुडतुडे सगळ्यांकडंच होते. एका झाडावरून असं ठरवू नका." खरं होतं तिचं. मी बोलले नाय. पण भाऊजी त्या चिकट पानांवरून बोट फिरवत बराच वेळ उभे होते, ते मी चुलीपासून बघितलं.

त्यानंतर केव्हातरी त्यांनी विचारायला सुरुवात केली. मी खोबऱ्याखालून डबा घेऊन येताना दिसले की दारातून आवाज यायचा, "चावलं का?"

"नाय."

"बरं."

रोज एवढंच. त्यात आता चेष्टा नव्हती. आजारी माणसाची चौकशी करावी तसं ते विचारायचे. दोन घरांतलं बोलणं त्या एका शब्दावरून पुन्हा सुरू झालं.

मग ऋतुजाचं काम संपलं. डबे, भिंगं, खुणेच्या पट्ट्या सगळं बांधून ती पुढच्या शिक्षणाला लांब गेली. जाताना रडली, बुधीनं तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि सांगितलं, "आता कोणी चावलं तर ओळखशील तू, भिऊ नको." माझ्याकडं एक जुनं भिंग आणि मातीचा एक हिरवा गोळा राहिला. तो मी देवळीत ठेवला होता. दुपारी डोळा लागला नाय की हात आपोआप तिकडं जायचे.

पाऊस येऊन गेला, भातं निसवली, कापली. खोबऱ्याला नवी पालवी आली. तांबूस, मऊ, आणि तिच्यावर कोणी नाय. अळ्या मात्र होत्या. उघड्यावर, पानाच्या वरच्या अंगाला, भर उन्हात, बिनघोर. पानं गुंडाळत नव्हत्या, धागा सोडत नव्हत्या. धाकच उरला नव्हता तर लपतील कशाला? 

एका सकाळी भाऊजी ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला. कप खाली ठेवता ठेवता म्हणाले,

"वैनी, ते पीठ लावा की."

"कसलं पीठ?"

"ते नाय का, तुमी पयल्यांदा लावलेलं. आवतणाचं."

"ते चालत नाय भाऊजी. नियम हाय."

"पोरगी गेली की आता. कोणाचा नियम?"

मी आत गेले, परातीत मूठभर पीठ घेतलं, देवळीतला गोळा घेतला. म्हटलं, वळते. तर ते म्हणाले, नाय, द्या इकडं. आणि त्या नांगर धरलेल्या हातांनी त्यांनी अळी वळली. काय ती अळी! भेंडीएवढी, एका टोकाला जाड, मधे अंगठ्याचा खोल ठसा. बुधी असती तर म्हणाली असती, ही अळी नाय, हा अजगर. मी कमान करायला सांगितली, त्यांनी केली, ती मोडली, पुन्हा जोडली. मग पिठात घोळवून खोबऱ्याच्या बुंध्यावर लावली.

दुसऱ्या दिवशी पिठाला बारीक काळ्या मुंग्या आल्या. त्या घरातही येतात, त्यांचं काय कौतुक. लाल मुंगी आली नाय. भाऊजी पीठ बदलत राहिले. सणासुदीला तर गूळही लावला.

बुधी आठवड्याच्या बाजाराला खाली आली होती, वाट वाकडी करून माझ्याकडं आली. तिला सगळं दाखवलं. तिनं अजगराकडं बघितलं, पिठाकडं बघितलं, भाऊजींकडं बघितलं. मग झाडाभोवती एक फेरी मारली. बांधाच्या खाली ओहोळ आहे, ओहोळावर जांभूळ आहे. जांभळावर फवारा गेला नव्हता. तिथं लाल मुंग्यांचे शिवलेले गोळे तसेच होते.

"आवतण दिलंस दादा," बुधी म्हणाली, "पण यायला वाट कुठं ठेवलीस? लाल मुंगी जमिनीवरनं हिंडायला राजी नसते. फांदीवरनं फांदीवर जाते ती. मधली फांदी कुठं हाय?"

मधली फांदी होती. गड्याला चढायला अडचण नको म्हणून भाऊजींनीच ती फवाऱ्याच्या वेळी तोडली होती.

त्यांनी गोठ्यामागून लांब बांबू काढून आणला, एक टोक जांभळाच्या बेचक्यात, दुसरं खोबऱ्याच्या. सुतळीनं बांधलं. बुधीनं हलवून बघितलं, आणि पिंक टाकून म्हणाली, "आता त्यांची मर्जी."

मर्जी लगेच झाली नाय. बांबू कोराच होता. रोज सकाळी भाऊजी बांबूखाली उभे राहायचे, मान वर करून. मी ओट्यावरून विचारायची, "चावलं का?" ते म्हणायचे, "नाय." मी म्हणायची, "बरं." आता विचारणारी मी झाले होते. थंडी पडली. धुकं आमच्याकडं वरच्यासारखं येत नाय, पण त्या दिवसांत यायचं थोडं, खाचरांवर पांढरं पातळ पसरायचं, त्यात खोबऱ्या अर्धा बुडायचा आणि बांबूचं एकच टोक दिसायचं, हवेतून हवेत गेल्यासारखं. मला वाटायचं, त्यावरून कोणी आलं तर ते आपल्याला दिसणारच नाय.

मग एक दिवस ऊन तापायला लागल्यावर मी निवडायला सूप घेऊन बसले होते. भाऊजी खळ्यातून चालत आले. घाई नाय, काही नाय. एक हात मानेवर धरलेला.

"वैनी," ते म्हणाले, "चावली."

मी सूप ठेवलं, भिंग घ्यायला उठले. "कुठली? बुंध्यावरची? काढून आणलीत?"

"अळी नाय गो वैनी." माझ्यासमोर ते खाली बसले आणि मान वाकवली. कॉलरच्या वर लाल गांधी उठली होती, चांगली टरटरीत, आणि तिच्या मधोमध दोन बारीक टोचे, शेजारी शेजारी.

देवळीतलं भिंग आणलं. मी नीट बघितलं, घाई न करता, ऋतुजानं शिकवलं होतं तसं.

"लालच हाय," मी म्हटलं.

"आग होतेय."

"होऊ द्या. आणि आंबे?"

"खालनंच काढू, लांब काठीच्या झेल्यानं," ते मान चोळत म्हणाले. "हाताला येतील तेवढे आपले."